पुतळ्यांच्या खोलीतलं लगीन

आधीच सांगतो, मी लिहिणारा माणूस नाही. निजामाच्या वेळी उर्दू चौथीपर्यंत शिकलो. मराठी वाचायला आलं ते दवाखान्याच्या पाट्या आणि औषधाच्या बाटल्या वाचून. अंक काढणारी पोरं घरी आली, म्हणाली, बाबा, नोकरीतलं काहीतरी लिहा. मी म्हणलं, आमच्या मंडळीला विचारा, तिला जास्त ध्यानात आहे. तोंडातून गेलं. मंडळी गेल्या आखाडात गेली. तिचं नाव गयाबाई. मी वॉर्डबॉय होतो, ती त्याच दवाखान्यात आया होती. आता तिच्या वाटणीचंही मलाच लिहिणं आलं.

दवाखान्याचं नाव घालत नाही. आपल्या जिल्ह्यातला सरकारी दवाखाना, एवढं बास. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, महाराष्ट्र नुकता झाला होता. दवाखान्याच्या मागं एक लांबट खोली होती. पूर्वी तिथं अंमलदाराचे घोडे बांधायचे. त्या खोलीला समदे पुतळ्यांची खोली म्हणायचे.

पुतळे म्हणजे माणसंच. वेडी म्हणावीत तर आरडाओरडा नाही, कुणाला मारणं नाही. बसवलं तर बसलेली, उभं केलं तर उभी. बोलत नाहीत, बघत नाहीत, माशी डोळ्यावर बसली तरी पापणी हलवत नाहीत. हात वर केला तर वरच राहतो, मेणाच्या बाहुलीसारखा. कुणी दोन वर्षं तसा, कुणी दहा वर्षं. घरच्यांनी देव केलेले असतात, दर्गे केलेले असतात, मिरच्यांची धुरी देऊन झालेली असते. मग एक दिवस बैलगाडीतून आणतात, व्हरांड्यात ठेवतात आणि पाणी आणतो म्हणून जातात ते जातात.

माझं काम काय, तर त्यांना जितं ठेवणं. सकाळी पुसून काढायचं. ठरल्या वेळी कूस बदलायची, नाहीतर पाठ सडते. घास भरवताना चमचा ओठाला लावून थांबायचं. घाई केली तर घास छातीत जातो आणि माणूस दगावतो. गळ्यावरून खाली बोट फिरवलं की गिळतात. कधी एका घासाला इतका वेळ लागायचा की पेज गार व्हायची. गयाबाई पदराखाली वाटी धरून बसायची. बायकांची बाजू तिच्याकडं होती, पण माझ्याबी बाजूला यायची. तिथं तुळजापूरकडचे एक मास्तर होते, त्यांच्याशी बडबड करून जायची. "मास्तर, आज आमोशा हाय, पुरन न्हाय." मी म्हणायचो, अगं, भिंतीशी बोलतीस. ती म्हणायची, "भिंत परवडली, तुमी तर भिंतीपरीस वाईट."

माझ्या खोलीत कुणाच्या पाठीला जखम झाली नाही. हे मी छाती काढून सांगतो, कारण दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

एकदा गंमत झाली. त्याच मास्तरांची बगल पुसायला मी त्यांचा हात वर केला. तेवढ्यात हाक आली म्हणून गेलो आणि हात खाली करायचा विसरलो. परत आलो तर मास्तरांच्या पुढ्यात दोन नारळ, उदबत्ती, आणि एक म्हातारी लोटांगण घालती आहे. मास्तरांचा हात आशीर्वादासारखा वर. मी हात खाली करायला गेलो तर म्हातारी माझ्यावर धावली, "मेल्या, देवाचा हात धरतूस व्हय?" ते नारळ मंडळीनं चटणीत घातले आणि पहिला घास मास्तरांनाच भरवला.

मग डॉक्टर आले. तरणे होते, कर्नाटकाच्या अंगचे. मराठी बोलायचे पण मधे कानडी घुसायची. आधीचे डॉक्टर खोलीच्या दारातून बघून जायचे. हे आत येऊन प्रत्येकाच्या पुढ्यात स्टूल टाकून बसायचे. मला म्हणाले, "हे लोक झोपले नाहीत. ह्यांना सगळं ऐकू येतं. आतून दार लागलंय एवढंच."

मी मनात म्हणलं, नवा आहे, महिन्यानं बोलणार नाही.

त्यांनी एक औषध मागवलं. शिरेतून द्यायची सुई. खरं तर ती झोपेची. साध्या माणसाला दिली तर तो घोरायला लागतो. ह्या माणसांना अगदी सावकाश दिली तर त्यातला एखादा जागा व्हायचा. तासभर, फार तर त्याच्यावर थोडा. मग परत दगड. डॉक्टर सुई दाबताना स्वतःलाच सांगायचे, "निधान, निधान." निधान म्हणजे कानडीत हळू. भरभर गेली तर श्वास थांबतो.

पहिली सुई ज्याला दिली त्याला आम्ही नळदुर्ग म्हणायचो. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. रझाकाराच्या धामधुमीत पोलिसांना तो नळदुर्गच्या अलीकडं सडकेच्या कडंला उकिडवा बसलेला सापडला होता. अंगावर भाजल्याचे डाग. आणला तेव्हापासून बारा वर्षं तसाच. केस पांढरे झाले होते.

सुई अर्धी गेली आणि नळदुर्गनं ओठ चाटले. मी त्याचा दंड धरला होता. मला दंडात सैल पडलेलं कळलं. मग तो म्हणाला, "पानी."

मी इतकी वर्षं त्याला पाणी पाजत होतो, त्यानं कधी मागितलं नव्हतं. माझ्या हातून तांब्या पडला. मंडळीनं दुसरा आणला.

त्यानं नाव सांगितलं, भानुदास. गाव ईटच्या जवळचं. घरात कोण, तर बायको सोना, धाकला भाऊ रंगनाथ, आणि लेक अंगावर पिणारी. म्हणाला, "म्या लवकर जातो. सोना वाट बगत आसंल." डॉक्टरांनी आम्हाला डोळ्यांनी दटावलं, साल-महिना काही सांगू नका. त्यानं गूळ मागितला, खाल्ला. थोड्या वेळानं बोलता बोलता शब्द जड झाला आणि तो तोंड उघडं ठेवून थांबला. मी तोंड मिटवलं.

डॉक्टर म्हणाले, त्याच्या माणसांना आण. मी गेलो. एस.टी.नं ईटपर्यंत, तिथून पायी. गावात विचारलं तर खळ्याकडं बोट दाखवलं. खळ्यावर एक माणूस ज्वारी वारवत होता आणि एक बाई सुपानं पाखडत होती. बाईचं कपाळ मोकळं, हात भुंडे.

मी विचारलं, "भानुदास तुमचे कोण?"

"आमचा दादा," तो माणूस म्हणाला. तोच रंगनाथ. "वारला की त्यो."

"न्हाई वारला. माझ्याकडं हाय."

बाईचं सूप थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, सुपातल्या दाण्याकडंच बघत होती. मग म्हणाली, "जेवत्यात का?"

मी म्हणलं, "जेवतात. मी भरवतो."

ती सोनाबाई. मग कळलं ते असं. बारा वर्षं ती कुंकू लावून राहिली होती. लोक बोलायचे, ती ऐकायची नाही. पण कालच्या उन्हाळ्यात लेकीचं लगीन निघालं. देवक बसवायच्या आधी गावच्या जोशीबुवांनी विचारलं, पोरीचा बाप जित्यात धरायचा का गेल्यात? एक काहीतरी ठरवा, न्हाईतर पोरीला बाधतंय. बारा वर्षं माणूस परतला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याची क्रिया करतात. तसा पुतळा केला, जाळला, रंगनाथनं केस काढले. सोनाबाईच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं. पोरीसाठी तिनं ते केलं. आणि पाऊस सरता सरता मी खळ्यावर येऊन उभा राहिलो.

मी त्याची समदी हालत सांगितली आणि म्हणलं, "झालं ते झालं. आत्ता चला माझ्यासंगं. डॉक्टर सुई देतील, मग भानुदास तुमच्याशी बोलतील."

ती म्हणाली, "ह्या कपाळानं न्हाय येनार. ते बोलायला लागले आन् म्होरं ही आशी म्या. त्येंनी काय समजायचं?"

जोशीबुवांना बोलावलं. बुवा लई वेळ डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, याला शास्त्र हाय. ज्याची क्रिया झाली तो परतला तर त्याला पुन्हा जन्म घ्यायला लावायचा. तुपाच्या रांजणात बसवायचं, बाहेर काढून बारसं करायचं, मग आपल्याच बायकोशी पुन्हा लगीन लावायचं. मग ती सवाशीण.

रंगनाथ म्हणाला, "बुवा, दादा बसंल येवढं तूप आख्ख्या तालुक्यात न्हाय."

"बोट बुडवून कपाळाला लावलं तरी चालतंय," बुवा म्हणाले. "पर लगीन जागेपनी पायजे. माळ त्यानं स्वताच्या हातानं घातली पायजे."

मी म्हणलं, हात काय, आमी ठेवू तिथं राहतो. हे मी घरी येऊन मंडळीला सांगितलं तर तिनं पळी उगारली. "तिचं सौभाग्य हाय ते, तुमाला चेष्टा सुचती." डॉक्टरांकडं मग तीच गेली. डॉक्टर आधी चिडले. "हा दवाखाना आहे, लग्नाचा मांडव नाही. औषध एकाच वेळेपुरतं उरलंय, वरून येत नाही. ते मी लग्नात घालवू?"

गयाबाई म्हणाली, "साहेब, तुमी म्हनता आतून दार लागलंय. मग दार उघडल्यावर समोर कोन उभं ऱ्हावं, ते तिनं ठरवू द्या की."

डॉक्टर बाहेर जाऊन चिंचेखाली उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "सकाळी करा. गर्दी नको."

सोनाबाई आली ती रंगनाथ आणि बुवांबरोबर. आल्यावर खोलीच्या बाहेरच बसली. आधी बारसं झालं. भानुदासला मी अंघोळ घातली, बुवांनी कपाळाला तूप लावलं, कानात भानुदास हेच नाव पुन्हा सांगितलं. बुवा म्हणाले, "चला, आता ह्यो जित्यात आला." तो तसाच बसलेला, कपाळावरून तूप ओघळत होतं. मी पुसलं.

मग अंतरपाट धरला. अंतरपाट म्हणजे दवाखान्याची चादर, तिच्यावर सरकारी शिक्का. एक टोक मी धरलं, एक रंगनाथनं. चादरीच्या अलीकडं भानुदास खाटेवर, पलीकडं सोनाबाई. तिला मंडळीनं आपलं हिरवं लुगडं नेसवलं होतं. बांगड्या आणि कुंकू ताटात तयार होतं, माळ पडल्यावर घालायचं. मला पलीकडचं थोडं दिसत होतं. हातात माळ घेऊन उभी होती. चाळिशी पण झाली नसंल, पर उन्हानं आणि वाट बघण्यानं बाई पार वाळून गेली होती. दात पडलेले, गाल आत गेलेले. पण त्या दिवशी ताठ उभी होती.

डॉक्टरांनी सुई घातली. निधान, निधान. बुवा मंगलाष्टकं म्हणत होते, बारीक आवाजात, आजूबाजूचे पुतळे बसलेलेच. भानुदासनं डोळ्यांची उघडझाप केली. मान फिरवली. मंगलाष्टकं ऐकली आणि हसला.

"कुनाचं लगीन हाय?"

बुवांनी घाईनं सावधान म्हणलं. आम्ही चादर खाली सोडली. मंडळीनं अक्षता टाकल्या.

त्यानं सोनाबाईकडं बघितलं. नीट बघितलं, मान तिरपी करून. मग तो आदरानं सरकून बसला, जसं थोरल्या बाईमाणसापुढं बसतात.

"बाई, तुमी कोन? वळीकलं न्हाय."

रंगनाथ तोंड उघडणार होता. सोनाबाईनं हात आडवा केला. माळ हळूच मागं मंडळीच्या हातात दिली. खाटेच्या कडंला बसली आणि म्हणाली, "म्या सोनाची थोरली भैन. परंड्याची."

"तरीच," तो म्हणाला. "तोंडावळा हाय. सोना कुटं?"

"घरी. लेकराला पाजतीय."

"पाजू द्या. घाई न्हाय." मग आवाज बारीक करून म्हणाला, "तिचा राग गेला का? गोठा पेटला तवा ती नगं जाऊ म्हनत हुती. माझं धोतर धरलं. म्या हिसका देऊन गेलो."

"गेला राग."

"तिला सांगा, दोन्ही बैलं सोडली म्हनावं. दावं तुटंना, पर सोडली. म्या येतोच मागनं."

"सांगते."

"तुमी जेवून जावा. सोना चांगली करती आमटी."

ती व्हय म्हणाली. रंगनाथ तिच्या मागं वाकून कुजबुजला, "वैनी, आजून जागा हाय. माळ घाला. बुवा हायेत, हुन जाऊ द्या."

सोनाबाईनं मान न वळवता सांगितलं, "त्येंची बायकू घरी लेकराला पाजतीय. तिच्या नवऱ्याच्या गळ्यात म्या माळ घालू व्हय?"

पुढं तिनं त्याला गुळाचा खडा दिला. त्यानं अर्धा खाल्ला, उरलेला तिच्याकडं धरला, "ह्यो पोरीला—" म्हणाला आणि थांबला. हात तसाच पुढं. डॉक्टरांनी नाडी बघितली, मान हलवली. सोनाबाई त्या हाताकडं बघत बसली. बऱ्याच वेळानं तिनं खडा घेतला, पदराला बांधला, आणि हात त्याच्या मांडीवर ठेवला. बारा वर्षं तो हात मी हलवत होतो. इतक्या सावकाश मी कधी ठेवला नव्हता.

बाहेर बुवा वैतागले. "बारसं झालं, लगीन ऱ्हायलं. म्हंजे ह्यो आता जिता, पर बिनलग्नाचा. तुमचं काय करायचं?"

ती म्हणाली, "माझं काय करायचं न्हाय." हिरवं लुगडं सोडून घडी करून मंडळीला दिलं. मंडळीनं ते परत कधी नेसलं नाही, आणि का नेसत नाही म्हणून मीबी कधी विचारलं नाही.

ते औषध पुन्हा आलं नाही. डॉक्टर वर्षभर अर्ज करत राहिले, मग त्यांची बदली झाली. जाताना प्रत्येक पुतळ्याच्या पुढ्यात स्टूल टाकून बसले, काय बोलले ते कानडीत बोलले. त्यांच्या जागी आलेले दारातून बघून जायचे. मास्तर कधी जागे झालेच नाहीत. त्या लग्नाच्या आधी बायकांतली एक म्हातारी सुईनं जागी झाली होती, तिनं तासभर नुसत्या शिव्या दिल्या. मंडळी म्हणायची, "लई बरं वाटलं ऐकून."

सोनाबाई मात्र येत राहिली. बाजाराच्या दिवशी यायची, भाकरी आणि आमटी घेऊन. मी घास भरवायची रीत शिकवली, ओठाला लावून थांबायचं. ती माझ्यापेक्षा जास्त थांबायची. त्याच्याशी बोलायची, पण परंड्याची भैन म्हणूनच. सोना बरी हाय, पोरीला दात आला, पोर उभी ऱ्हायली. लेकीला तिनं कधी आणलं नाही. लेक सासरी नांदत होती, पण त्या खोलीत ती अंगावर पिणारी होती.

मंडळीला हे सहन व्हायचं नाही. एक दिवस म्हणाली, "आता तरी सांगा की, म्या सोना म्हनून. त्येला काय कळतंय?"

सोनाबाई म्हणाली, "डागतर म्हनले, त्येंना समदं ऐकू येतंय. मग सोना म्हातारी झाली, पोर परक्याच्या घरी गेली, हे कशाला ऐकवू? त्येंचं घर हाय तसं ऱ्हाऊ द्या."

काही वर्षांनी एका थंडीत भानुदासच्या छातीत कफ झाला. अशा माणसाला खोकता येत नाही. मी पाठ थोपटली, कुशीवर धरून बसलो, पण गेला. मी निरोप धाडला. सोनाबाई आली, रंगनाथ आला, आणि पहिल्यांदा लेक आली, कडेवर पोर घेऊन. बापाकडं बघून तिला रडू येईना, कारण बघितलेलाच नव्हता. पोराला पुढं करून म्हणाली, "आज्जा बग."

रंगनाथनं पाणी पाजलं. उचलायच्या आधी सोनाबाई म्हणाली, थांबा. ती त्याच्या उशाशी बसली, कानाशी वाकली. मी आणि मंडळी जवळच होतो, म्हणून ऐकू आलं.

"आवो, म्या सोना. बैलं दोन्ही त्याच सांजंला घरी आली व्हती. तुमीच मागं ऱ्हायलात."

मग उठली आणि बाजूला झाली. तिच्या हातात फोडायला बांगडी नव्हती, पुसायला कुंकू नव्हतं. ते आधीच झालं होतं, पळसाच्या पानांसाठी.

आम्ही स्मशानातून येऊन अंघोळी केल्या. मंडळी चुलीपुढं बसली होती, पण चूल पेटवली नव्हती. म्हणाली, "तुमाला मला काय सांगायचं आसंल तर आत्ताच सांगा. कानात सांगू नगा."

मी म्हणलं, "काय सांगायचंय? भूक लागलीय, भाकरी टाक."

तिनं चूल पेटवली.